कमी वापरलेली पॉइंट टू टू रायफल सामानासकट विकायची आहे, कुणी या वाटेने गेलंय का?

शर्वरी_दुधाळी | १४ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मूळची कोल्हापूरची, लग्नानंतर नाशिकला, बँकेत नोकरी. माझ्याकडे अ‍ॅन्शुट्झ १९०७ आहे, पॉइंट टू टू (म्हणजे .२२ इंच बोअरची), उजव्या हाताची, अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक. २०१९ ला जर्मनीहून मागवली. मी प्रोन मारायचे, म्हणजे पालथं झोपून. तेजस्विनीताई सावंत २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या तेव्हा मी आठवीत होते, दुसऱ्याच आठवड्यात बाबांचं बोट धरून रेंजवर गेले, ते एकविसावं लागेपर्यंत क्लबच्या रायफलवरच मारलं. एकवीस पूर्ण झाल्या झाल्या परवाना काढला, नॅशनलला लागणारा स्कोर आधीच झाला होता म्हणून आयातीची परवानगी मिळाली, आणि रायफल हातात आली ती कोविडच्या आधी जेमतेम वर्षभर. मग रेंज बंद, मग लग्न, मग मुलगी. सगळे मिळून साडेतीन हजार राउंड झाले असतील, त्याची नोंद आहे माझ्याकडे.

सोबत काय काय आहे ते सांगते: डायॉप्टर (बारीक छिद्रातून नेम धरायची) मागची साइट, पुढचा टनेल (पुढची नळीदार साइट) आणि त्यात बसणाऱ्या रिंगांचा डबा, हँडस्टॉप (पुढचा हात टेकवायला), दोन स्लिंग (हाताला लावायचे पट्टे), साइट उंच करणारा रेझर ब्लॉक, क्लीनिंग रॉड आणि बोअर गाइड, बायपॉड स्टँड, स्पॉटिंग स्कोप, मॅट, जॅकेट, पँट, ग्लोव्ह, कडक केस. गोळ्या साधारण चारशे उरल्यात.

बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून घेऊन दिली होती, त्यामुळे फुकट द्यायची माझी परिस्थिती नाही. पण शोभेसाठी घेणाऱ्याला द्यायचीही इच्छा नाही. कुणाला विकायची, कशी विकायची, सामान वेगळं विकावं की एकत्र? कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

मुक्ता_७ | १४ जून, रात्री १०:०५

१९०७ म्हणजे सव्वाशे वर्षांची होत आली की! मग कमी वापरलेली कशी? म्युझियमला विचारून बघ 🙂

शर्वरी_दुधाळी | १४ जून, रात्री १०:११

अगं मॉडेलचा नंबर आहे तो. १९०३, १९०७, १९१३ असे नंबर आहेत त्यांचे. माझ्या आजीनेही अगदी हेच विचारलं होतं.

सह्यवाट | १४ जून, रात्री १०:३०

जुन्या वस्तू विकायच्या अ‍ॅपवर फोटो टाका, दोन दिवसांत फोन येतील. आमचा टेंट तसाच गेला.

निशिगंधा | १४ जून, रात्री १०:५२

सह्यवाट, टेंट आणि रायफल एकाच पद्धतीने विकता येत नाहीत हो. शर्वरी, असं काही करू नकोस. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ बघ. परवानाधारक स्वतःच्या वापरातलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो, पण आधी जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं की मी हे हत्यार अमुक नाव, अमुक पत्त्याच्या माणसाला विकणार आहे, आणि त्यानंतर कमीत कमी ४५ दिवस थांबावं लागतं. म्हणजे आधी घेणारा पक्का, मग पत्र, मग ४५ दिवस, आणि मग व्यवहार. अनोळखी माणसाने फोन केला आणि येऊन पैसे देऊन घेऊन गेला, असं यात बसतच नाही.

मी वकील आहे पण हे माझं रोजचं काम नाही, तेव्हा तुमच्या परवाना शाखेत जाऊन एकदा विचारच.

पन्हाळकर | १५ जून, सकाळी ७:२०

शर्वरीताई, मी १९८८ पासून पॉइंट टू टू मारतोय, आतापर्यंत दोन विकल्या आणि एक घेतली. निशिगंधाताईंनी कायदा बरोबर सांगितलाय, प्रत्यक्षात काय होतं ते मी सांगतो.

पहिलं म्हणजे घेणाऱ्याचा परवाना. पॉइंट टू टूचं कायद्यातच वेगळं स्थान आहे, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा असोसिएशनच्या सभासदाला टार्गेट प्रॅक्टिससाठी तिचा परवाना मिळू शकतो, तो स्वसंरक्षणाच्या परवान्यासारखा नसतो. तेव्हा समोरचा 'माझ्याकडे लायसन आहे' म्हणाला की लगेच मान डोलवायची नाही. त्याच्या परवान्यावर पॉइंट टू टू रायफलची जागा मोकळी आहे का, खरेदीची मुदत चालू आहे का, युआयएन (परवान्याचा एकमेव ओळख क्रमांक) आहे का, हे मूळ पुस्तिका हातात घेऊन बघायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर विसंबायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात, खेळाडूंना वेगळी सूट आहे, तर त्याच्याकडे आधीच काय काय आहे हेही विचारायचं.

दुसरं, तुमची रायफल आयात केलेली आहे. खेळाडू म्हणून शुल्कात सवलत घेतली असेल तर त्या सवलतीच्या अटी असतात, आयातीच्या परवानगीच्या कागदावरही असतात. ते कागद आधी शोधा. मी एका मित्राची रायफल घ्यायला निघालो होतो, पैसे ठरले, पेढेसुद्धा झाले, आणि मग फाइल उघडल्यावर कळलं की अटींचं पान वाचलंच नव्हतं कुणी. सहा महिने पत्रव्यवहारात गेले.

तिसरं, दोघांचे जिल्हे वेगळे असतील तर दोन्हीकडची कार्यालयं आली. पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांत पोलीस आयुक्तालय, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी. एकाची ना हरकत आल्याशिवाय दुसरा हात लावत नाही. धीर धरायचा.

ऊसवाला | १५ जून, सकाळी ८:०२

राम राम. आमच्याकडं कागल भागात रानडुकरांनी लई नुकसान केलंय, एका रात्रीत दोन गुंठं ऊस लोळवतात. मला बाराबोरचं लायसन हाय, पीक संरक्षणाचं. ही रायफल घेतली तर चालंल का? किंमत बरी दीन.

पन्हाळकर | १५ जून, सकाळी ८:३५

ऊसवाला, तुमची अडचण खरी आहे, माझ्या मेव्हण्याचाही ऊस असाच गेला. पण ही रायफल त्या कामाची नाही. एकतर तुमचा परवाना बाराबोरचा, त्यावर ही चढणार नाही. दुसरं, हिची गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास, मऊ शिशाची. कागदाला भोक पाडायला बनवलेली. त्याने डुक्कर नुसतं जखमी होऊन उसात शिरेल, आणि जखमी डुक्कर काय करतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि वन्यजीव कायदा आहेच, वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करू नका. पंचनाम्याचा अर्ज वेळेत द्या, भरपाई मिळते.

ऊसवाला | १५ जून, सकाळी ८:४१

बरं झालं विचारलं. अर्ज दिलाय, तलाठी अजून यायचाय.

वरळी_५०मी | १५ जून, दुपारी १:१५

ताई, अभिनंदन एवढ्यासाठी की राउंडची नोंद ठेवलीय. सेकंडहँड घेणाऱ्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं. साडेतीन हजार म्हणजे ही रायफल अजून नीट मोकळीही झालेली नाही, शिशाच्या गोळीने नळी फारशी झिजत नाही, नीट ठेवली तर हजारोंनी राउंड जातात.

आता घेणारा काय तपासेल ते सांगतो, म्हणजे तू आधीच करून ठेवशील. ही रिमफायर आहे, म्हणजे हिच्या काडतुसाच्या मागच्या कडेतच ठिणगीचा मसाला असतो, फायरिंग पिन त्या कडेवर मारते. आता रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं ती जागा) ट्रिगर दाबत बसलं तर काही रायफलींची पिन थेट चेंबरच्या ओठावर आपटते आणि तिथे बारीक खड्डा पडतो. एकदा तो पडला की वापरलेलं केस बाहेर निघताना अडकायला लागतं. म्हणून जाणता गिऱ्हाईक बोल्ट काढून बॅटरी मारून चेंबरची कड बघणार, शक्यतो त्यावरून नखही फिरवणार. सगळ्याच रायफलींना हे होतं असं नाही, पण आमच्या सरांनी रिकामं केस आत ठेवल्याशिवाय असा ड्राय सराव कधी करूच दिला नाही.

मग बघणार चेंबरच्या पुढे शिशाची कड साचलीय का, मझलची, म्हणजे नळीच्या तोंडाची, कड शाबूत आहे का (पुढून रॉड घालणारे महाभाग असतात, त्यांच्यामुळे ती खराब होते), स्टॉकला बेडिंगच्या (रायफल स्टॉकमध्ये घट्ट बसवणाऱ्या) स्क्रूपाशी चीर आहे का. आणि शेवटी बेंचवरून गोळ्यांच्या दोन-तीन वेगवेगळ्या लॉटचे (कारखान्यातल्या खेपांचे) दहा-दहा राउंड. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, चांगली नळी आणि जुळलेला लॉट असेल तर दहा राउंडचं भोक त्याच्या आत-बाहेर बसलं पाहिजे. ते टार्गेट तारीख घालून फाइलला लाव. त्या एका कागदाने किंमत टिकते.

रत्नाग्री_वरचा | १५ जून, दुपारी ३:५०

माझा अनुभव गंजाचा आहे. गेल्या वर्षी लोकसभेच्या आचारसंहितेत हत्यार जमा करायला सांगितलं. खेळाडूंना सूट मिळते पण अर्ज वेळेवर द्यायला हवा, मी उशीर केला, चूक माझीच. जमा करताना केस नको म्हणाले, नुसती रायफल चिठ्ठी बांधून भिंतीला टेकवून ठेवली. परत मिळेपर्यंत मिरग लागला होता. घरी आणून पुसायला घेतली तर नळीवर तांबूस ठिपके, अगदी मोहरीएवढे, डावीकडे जिथे ती भिंतीला टेकली होती तेवढ्याच पट्ट्यात. तेल आणि मऊ कापडाने तीन दिवस बसून काढले, पण डाग राहिले ते राहिलेच. विकताना समोरच्याने तेवढ्याच डागांवर बोट ठेवून तीस हजार कमी केले.

तेव्हा ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जमा करायच्या आधी नळीवर तेलाचा जाड हात द्या आणि पोचपावतीवर हत्यार कोणत्या स्थितीत दिलं ते लिहून घ्या.

शर्वरी_दुधाळी | १५ जून, रात्री ९:१०

सगळ्यांचे खूप आभार. एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आयातीचे कागद कोल्हापूरला फाइलमध्ये आहेत, बाबांना शोधायला सांगितलंय. रायफलही तिथेच आहे, बाबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, बोल्ट वेगळा ठेवलाय. सिलिका जेलच्या पिशव्या बाबा दर महिन्याला तव्यावर गरम करून परत ठेवतात. डाग नाही एकही.

निशिगंधा | १५ जून, रात्री ९:२५

शर्वरी, थांब जरा. परवाना कुणाच्या नावावर आहे? तुझ्याच ना? आणि तू राहतेस नाशिकला. बाबांच्या नावाची परवान्यावर रिटेनर (तुझ्या वतीने हत्यार बाळगणारा) म्हणून नोंद आहे का?

शर्वरी_दुधाळी | १५ जून, रात्री ९:३१

नाही. परवाना माझा, पत्ता अजून कोल्हापूरचाच. २०२१ ला नूतनीकरण झालं, पाच वर्षांचं, म्हणजे २०२६ पर्यंत आहे. पत्ता बदलायचा राहिलाच.

निशिगंधा | १५ जून, रात्री ९:४४

मग विक्रीचं नंतर बघू, आधी हे मार्गी लाव. परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात हत्यार असणं हाच मुळात प्रश्न आहे, मग तो वडील असो की नवरा, आणि बोल्ट वेगळा ठेवल्याने काही बदलत नाही. बाबा प्रेमाने सांभाळतायत हे कळतं, पण उद्या कुणी तपासायला आलं तर अडचणीत तेच येतील. स्वतः कोल्हापूरला जा, रायफल परवानाधारक डीलरकडे रीतसर जमा कर, पावती घे, आणि पत्ता बदलल्याचा अर्ज दे. विक्रीच्या पत्रात जुना पत्ता आणि सहीखाली नाशिक असं झालं तर फाइल तिथेच अडकेल.

पन्हाळकर | १५ जून, रात्री १०:०२

शंभर टक्के सहमत. हे माझ्या ध्यानातच आलं नाही, मी विक्रीच्याच नादात होतो. ताई, रविवारची वाट बघू नका, रजा टाका.

वरळी_५०मी | १५ जून, रात्री १०:२०

आणि गोळ्यांचंही तेच. चारशे राउंड घरी पडून चालणार नाहीत, आणि देताना ज्याच्या परवान्यावर त्या बोअरच्या गोळ्यांची मर्यादा आहे त्यालाच, नोंद करून. मित्र म्हणून मूठभर देऊन टाकल्या असं करायचं नाही.

देवदत्त_ओहायो | १६ जून, सकाळी ६:४५

वाचून थक्क झालो. इथे ओहायोत माझ्या शेजाऱ्याने त्याची पॉइंट टू टू त्याच राज्यातल्या ओळखीच्या माणसाला विकली, दोघांनी घरच्या घरी एक चिठ्ठी लिहून घेतली आणि झालं. दुसऱ्या राज्यात द्यायची असती तर मात्र लायसन्स असलेल्या डीलरमार्फतच द्यावी लागली असती. तुमच्याकडचा त्रास मोठा आहे, पण रायफल नेमकी कुणाकडे गेली हे कायम ठाऊक राहतं, हे मला आवडलं. इथे जे बघतोय त्यानंतर तर जास्तच.

कृष्णाकाठ | १६ जून, सकाळी १०:३०

मला वेगळं मत मांडायचंय. विकूच नका. स्वप्निल कुसाळे पॅरिसला ४५१.४ मारून ब्राँझ घेऊन आला, खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तेही राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या पोराला. तुम्ही अठ्ठावीसच्या आहात, नेमबाजीत हे काही वय नाही. मुलगी तीन वर्षांची झाली की परत रेंजवर जाल, तेव्हा अशी रायफल परत घेता येणार आहे का? आयातीची सगळी उस्तवार पुन्हा करणार का?

रेंजवरची_काकू | १६ जून, सकाळी ११:१५

कृष्णाकाठ, मला तुमचं पटत नाही. मी हेच स्वतःला सांगत नऊ वर्षं माझी रायफल पेटीत ठेवली. दर दिवाळीला काढायची, पुसायची, खांद्याला लावून बघायची, परत ठेवायची. नऊ वर्षांनी परत गेले तेव्हा नजर बदललेली, मानेचं दुखणं सुरू झालेलं, आणि त्या नऊ वर्षांत आमच्याच क्लबमधल्या दोन मुली क्लबच्या एकाच जुन्या रायफलवर पाळीने मारत होत्या. एकीची पाळी संपली की बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) हलवायची, हँडस्टॉप हलवायचा, दुसरी आडवी पडायची. दोघींची पोझिशन रोज नव्याने. माझी रायफल त्यांच्यापासून दीड किलोमीटरवर कपाटात होती. ते आठवलं की आजही जीव तुटतो माझा.

शर्वरी, परत यायचं असेल तर ये, पण रायफल तोवर कुणाच्या तरी खांद्याला असू दे.

कृष्णाकाठ | १६ जून, सकाळी ११:४०

काकू, तुमचं वाचून गप्प झालो. तरी ताई, निर्णय एका आठवड्यात घेऊ नका एवढंच म्हणेन.

सह्यवाट | १६ जून, दुपारी १२:०५

मग क्लबलाच का नाही देत? देणगी म्हणून. चार पोरं वापरतील.

शर्वरी_दुधाळी | १६ जून, रात्री ८:५०

सह्यवाट, मनात आलं होतं हे. पण सांगते ना, बाबांनी तेव्हा सव्वादोन लाखांचं कर्ज काढलं, त्याचा शेवटचा हप्ता मी माझ्या पगारातून गेल्या वर्षी भरला. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीत करायचंय. एक लाख साठ हजार आले तरी मोठा आधार होईल. हे लिहायला लाज वाटत नाही मला. ज्या घरातून रायफल आली त्या घराचाही तिच्यावर हक्क आहे.

काकू, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, दे बाई कुणाला तरी.

रेंजवरची_काकू | १६ जून, रात्री ९:००

अगदी योग्य. नेमबाज घरातल्यांनी पैशाचं बोलू नये असं कुणी सांगितलं? एकेका राउंडचा हिशेब ठेवून मारतो आपण.

रानजाई | १७ जून, सकाळी ९:२०

माझा थोडा वेगळा प्रश्न, चालेल ना? मुलगी चौदा वर्षांची, दीड वर्ष एअर रायफल मारतेय, आता सर म्हणतात पॉइंट टू टू सुरू करू. ही रायफल आम्ही घेऊ शकतो का, माझ्या नावावर? म्हणजे परवाना माझा आणि मारेल ती.

पन्हाळकर | १७ जून, सकाळी ९:५५

रानजाई, परवाना घ्यायचा तर तुम्ही स्वतः क्लबचे सभासद आणि तुमचं कारण टार्गेट प्रॅक्टिस असं दाखवावं लागेल, नुसतं मुलीसाठी म्हणून नाव लावणं योग्य नाही. तिला स्वतःला एकवीस पूर्ण झाल्यावरच परवाना मिळेल. तोपर्यंत क्लबच्या रायफलवर, कोच समोर असताना मारू दे, सगळेच असे शिकतात. आणि एअर रायफल सोडू देऊ नका. साडेचार मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवान्याचा प्रश्नच येत नाही, घरी भिंतीसमोर रोज ड्राय करता येतं, आणि ट्रिगरचं बोट तिथेच तयार होतं.

रानजाई | १७ जून, सकाळी १०:१०

धन्यवाद काका. मग शर्वरी, जॅकेट आणि पँट वेगळं देणार का? त्याला परवाना लागत नाही ना? माझ्या मुलीची उंची पाच फूट तीन, छाती बत्तीस. नवीन शिवून घ्यायचं म्हणजे आम्हाला आत्ता जड आहे, त्यात पोरगी वाढतेय.

शर्वरी_दुधाळी | १७ जून, रात्री ९:३०

नाही लागत गं. माझी उंची पाच फूट चार, शिवलं तेव्हा छाती तेहतीस होती. आता ते मला होतच नाही, डिलिव्हरीनंतर बटणंच पोचत नाहीत. फक्त एक कर, सरांना जाडी मोजायला सांग, नियमात अडीच मिलिमीटरच्या आत लागते, आणि कडकपणाही तपासायला सांग. कॅनव्हास वापरून मऊ झालंय, पास व्हायला हरकत नाही. उजव्या कोपराच्या रबरी पॅचची शिवण उसवली होती, ती मी दाभणाने मेणाचा दोरा घालून शिवलीय, ओबडधोबड आहे पण पक्की आहे. ग्लोव्ह त्यासोबत तसाच घे, त्याचे पैसे नको.

वरळी_५०मी | १७ जून, रात्री १०:००

हे उत्तम झालं. माझंही म्हणणं तेच होतं, कपडे वेगळे विक, कारण ते मापाचे असतात, रायफल घेणाऱ्याला होतीलच असं नाही. पण साइट, रिंगा, हँडस्टॉप, रेझर ब्लॉक हे रायफलपासून तोडू नकोस. लोक मागच्या साइटचे वेगळे चांगले पैसे देतात म्हणून मोह होतो, पण साइटशिवाय ही रायफल म्हणजे नुसती नळी. घेणाऱ्याला पुन्हा बाहेरून मागवावी लागेल आणि सहा महिने पोर तसंच बसेल.

आणि हो, एक वस्तू तू यादीत लिहिली नाहीस. डायरी.

शर्वरी_दुधाळी | १७ जून, रात्री १०:०८

डायरी विकायची असते का?

वरळी_५०मी | १७ जून, रात्री १०:२५

विकायची नसते, पण घेणारा हुशार असेल तर मागेल. कुठला लॉट या नळीला मानवला, बालेवाडीला डावीकडून वारा आला की साइटचे किती क्लिक लागले, ढगाळ उजेडात कुठली रिंग लावलीस, हे सगळं त्यात असणार. नव्या माणसाचं निम्मं वर्ष वाचतं. माझ्या रायफलीसोबत तिच्या पहिल्या मालकाची वही आली होती, मोडी वळणाचं अक्षर, पेन्सिलीने लिहिलेलं. अजून जपून ठेवलीय.

शर्वरी_दुधाळी | २३ जून, रात्री ११:००

कोल्हापूरला जाऊन आले. रायफल आणि गोळ्या डीलरकडे जमा केल्या, पावती घेतली, पत्ता बदलण्याचा अर्ज दिला. बाबा सोबत आले होते. डीलरने केस उघडून नंबर पडताळला, नळीवर आणि परवान्यावर एकच आहे ना ते बघितलं, आणि म्हणाला, वापरलेली वाटत नाही. बाबा परत येताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर कपाट उघडून सिलिकाच्या पिशव्या काढल्या, तव्यावर गरम केल्या, आणि म्हणाले आता या कशात ठेवू.

आयातीचे कागदही मिळाले. अटींचं पान पन्हाळकर काकांना वाचून दाखवलं फोनवर. परवानाधारक नेमबाजालाच द्यायचं म्हटल्यावर मार्ग आहे, तसं असोसिएशनलाही लेखी विचारलंय.

पन्हाळकर | २४ जून, सकाळी ७:१०

आता निवांत घेणारा शोधा. माझ्या कानावर एक नाव आहे, मुलीच्या कोचला विचारून कळवतो. इथे नाव-गाव लिहीत नाही.

ऊसवाला | २ जुलै, सायंकाळी ६:१५

तलाठी आला होता. पंचनामा झाला. ताई, रायफल चांगल्या घरी जावी ही इच्छा.

मुक्ता_७ | ११ ऑगस्ट, रात्री ९:००

शर्वरी, काय झालं पुढे? मी या धाग्यामुळे पहिल्यांदा पन्नास मीटरची मॅच यूट्यूबवर पूर्ण बघितली. इतकं शांत असतं ते? मला वाटायचं बंदूक म्हणजे नुसता धडाका.

शर्वरी_दुधाळी | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

उशीर झाला, माफ करा. सांगते सगळं.

पन्हाळकर काकांनी सांगितलेली मुलगी तेवीस वर्षांची आहे, थ्री पी (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन पोझिशन) मारते, तीन वर्षं उसन्या रायफलवर. तिच्या परवान्यावर जागा मोकळी होती आणि खरेदीची मुदत नोव्हेंबरपर्यंत होती. १२ जुलैला आम्ही पत्र दिलं, तिचं नाव-पत्ता घालून. दोन जिल्हे असल्याने ना हरकतीला वेळ लागला, एकदा फाइल चुकीच्या टेबलावर गेली, पंधरा दिवस कुणाला पत्ताच नाही. पण ४५ दिवसांच्या वर थोडेच गेले. एक लाख पंचावन्नला ठरलं, बँकेतून. गोळ्या तिच्या मर्यादेत बसत होत्या, त्याही नोंद करून गेल्या.

काल रेंजवर तिने बेंचवरून तपासली. आधी चेंबरची कड बघितली, बॅटरी मारून, नख फिरवून, अगदी वरळी दादांनी लिहिलं तसं. मग तीन लॉट. माझ्या जुन्या लॉटचं टार्गेट आलं तेव्हा दहाही राउंड एका भोकात होते, पाच रुपयाच्या नाण्याने झाकले गेले. मग ती मॅटवर आडवी पडली, स्लिंग लावली, आणि मी सवयीने तिचा डावा कोपर सरळ करायला खाली बसले.

कृष्णाकाठ, तुम्ही म्हणालात तसं एका आठवड्यात नाही, तीन महिन्यांत ठरवलं. काकू, जानेवारीपासून रविवारी नाशिकच्या रेंजवर क्लबच्या एअर रायफलवर जाणार आहे मी, फी भरून आले.

रानजाई, तुझ्या लेकीचा जॅकेटमधला फोटो मिळाला. कोपराची शिवण धरलीय ना?

रानजाई | १४ सप्टेंबर, रात्री ९:२२

धरलीय! आणि सरांनी जाडी मोजली, पास. ती जॅकेट काढतच नाही घरी.

वरळी_५०मी | १४ सप्टेंबर, रात्री ९:४०

फार छान वाटलं वाचून. डायरीचं काय केलंस?

शर्वरी_दुधाळी | १४ सप्टेंबर, रात्री ९:५८

तिने मागितलीच. मूळ वही नाही देववली, त्यात मागच्या पानांवर बाबांनी माझ्या प्रत्येक मॅचचा येण्याजाण्याचा खर्च लिहून ठेवलाय, एसटीच्या तिकिटासकट. पुढच्या एकशे बारा पानांची झेरॉक्स काढून स्पायरल करून दिली. लॉट नंबर जिथे पुसट आले होते तिथे लाल पेनाने परत लिहिले. आज सकाळी तिचा फोन आला होता, बालेवाडीच्या पानावर 'डा ३, झेंडा अर्धा' म्हणजे काय विचारायला.